कंपनीच्या नावावरची गाडी, वेगमर्यादेचे चलान आणि चालकाची जबाबदारी

कंपनीच्या नावावर नोंदलेली गाडी वेगमर्यादा ओलांडते तेव्हा कॅमेऱ्याला फक्त नंबरप्लेट दिसते. त्या क्रमांकावरून परिवहन विभागाच्या नोंदीत मालक सापडतो, मालक म्हणून कंपनीचे नाव येते आणि चलान त्या नावावर निघते. गाडी त्या क्षणी कोण चालवत होते, हे चलानात कुठेच नसते. बहुतेक कार्यालयांत पुढे असे घडते की लेखा विभागातील कोणीतरी महिनाअखेरीस सगळी चलाने एकदम भरून टाकतो, रक्कम वाहन देखभालीच्या खात्यात लिहिली जाते आणि ज्याने गाडी हाकली त्याला चलान आल्याचे कळतही नाही. ही पद्धत बदलू पाहणाऱ्या प्रशासन अधिकाऱ्यांसाठी आणि लहान कंपन्यांच्या मालकांसाठी पुढील मजकूर लिहिला आहे. तो महाराष्ट्रातील कार्यपद्धती समोर ठेवून लिहिला असला, तरी त्यातील कायदा केंद्राचा असल्यामुळे गोव्यात किंवा अन्य राज्यांत गाड्या असणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल.

कायदा नेमके काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम १८३ वेगमर्यादा ओलांडण्याच्या गुन्ह्याविषयी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनासाठी एक हजार ते दोन हजार रुपये आणि मध्यम व अवजड वाहनांसाठी दोन हजार ते चार हजार रुपये असा दंड या कलमात सांगितला आहे. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर हाच गुन्हा घडला, तर चालकाचा परवाना जमा करून घेण्याची तरतूद आहे. दंड भरून प्रकरण मिटवणाऱ्या कंपन्यांच्या नजरेतून हीच तरतूद निसटते. दंडाची रक्कम कंपनी भरू शकते, परंतु परवाना हा माणसाचा असतो. कंपनीने चालकाचे नाव कधीच पुढे आणले नाही, तर पाच वेळा वेगमर्यादा ओलांडलेल्या माणसाचा परवाना कागदोपत्री निष्कलंक राहतो आणि त्याच्या हाती दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीची किल्ली दिली जाते.

त्याच कलमाचा दुसरा भाग मालकाकडे बोट दाखवतो. गाडी चालवणाऱ्याइतकाच, आपल्या नोकरीतील किंवा आपल्या नियंत्रणाखालील व्यक्तीला मर्यादेबाहेर गाडी चालवायला लावणाराही या कलमाखाली येतो. याशिवाय कलम १९९ कंपन्यांना लागू होते. गुन्हा कंपनीचा ठरला, तर कंपनीबरोबरच त्या वेळी कामकाजाची जबाबदारी ज्याच्याकडे होती तो अधिकारीही दोषी मानला जातो. मात्र गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी आपण योग्य ती सर्व दक्षता घेतली होती, हे त्याने सिद्ध केले तर त्याची सुटका होते. दक्षता घेतली हे तोंडी सांगून सिद्ध होत नाही. त्यासाठी नोंदी लागतात, आणि त्या घटनेआधीपासून ठेवलेल्या असाव्या लागतात.

आपल्या विषयाचा कणा आहे कलम १३३. अधिकार दिलेल्या पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास, गाडी कोण चालवत होते त्याचे नाव, पत्ता आणि परवान्याची माहिती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. मालकाला ठाऊक असलेली माहिती तर द्यावीच लागते, शिवाय वाजवी प्रयत्न करून जी मिळवता आली असती तीही द्यावी लागते. त्यामुळे ‘आमच्याकडे बारा चालक आहेत, त्या दिवशी कोण होता ते सांगता येत नाही’ हे उत्तर एखाद्या कंपनीने देणे म्हणजे आपण वाजवी प्रयत्न केला नाही अशी कबुली देण्यासारखे आहे. जाणूनबुजून माहिती दडवणे किंवा खोटी माहिती देणे हा कलम १७९ प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे.

सुरुवात मोबाइल क्रमांकापासून

चलानाचा संदेश नोंदणीत दिलेल्या मोबाइल क्रमांकावर जातो. कंपनीच्या गाड्यांच्या बाबतीत हा क्रमांक बहुधा गाडी विकणाऱ्या वितरकाचा, नाहीतर तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एखाद्या कर्मचाऱ्याचा असतो. मी एका कारखान्याच्या प्रशासन विभागात गाड्यांचे काम हाती घेतले तेव्हा अकरापैकी सात गाड्यांचे क्रमांक असेच निघाले आणि त्यांवरील जुनी चलाने एकदम समोर आली. इतक्या दिवसांनी चालक शोधायचा तर कोणालाच काही आठवत नव्हते. म्हणून पहिले काम हे की परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर किंवा आरटीओत जाऊन प्रत्येक गाडीसाठी कार्यालयाचा, म्हणजे कोणा व्यक्तीचा नव्हे तर पदाचा, एकच मोबाइल क्रमांक नोंदवावा आणि त्याचे सिमकार्ड प्रशासन विभागाच्या ताब्यात ठेवावे. नोंदणीतील पत्ता जुना असल्यास तोही याच वेळी बदलून घ्यावा.

संदेशावर पूर्ण विसंबू नये. आठवड्यातून एक दिवस ठरवून महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर प्रत्येक गाडी तपासावी. त्यासाठी गाडीच्या क्रमांकाबरोबर चॅसी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक लागतात, म्हणून सर्व गाड्यांचे हे अंक एका तक्त्यात लिहून ठेवावेत. गाड्या राज्याबाहेर जात असतील, तर केंद्राच्या परिवहन ई-चलान संकेतस्थळावरही पाहावे. एक सावधगिरी अवश्य बाळगावी. चलान आल्याचे सांगून व्हॉट्सॲपवर एखादी फाइल उतरवून घ्यायला लावणारे संदेश फसवणुकीचे असतात. संदेशातील दुव्यावर न जाता संकेतस्थळ स्वतः उघडून तपासण्याची शिस्त कार्यालयातील प्रत्येकाला लावावी.

किल्लीची नोंद

पुढची सगळी इमारत एका वहीवर उभी राहते. गाडीची किल्ली कोणाच्या हातात कधी गेली आणि परत कधी आली, ही नोंद नसेल तर बाकीचे सारे व्यर्थ आहे. बहुतेक कंपन्यांत गेटवर सुरक्षारक्षकाकडे रजिस्टर असते, पण त्यात गाडीचा क्रमांक, बाहेर गेल्याची वेळ आणि किलोमीटर एवढेच लिहिलेले असते. चालकाचे नाव लिहिलेच तर ‘शिंदे’ किंवा ‘पवार ड्रायव्हर’ असे अर्धवट असते, आणि एकाच कंपनीत तीन शिंदे असतात. म्हणून किल्ली देतानाच्या नोंदीत चालकाचे पूर्ण नाव, कर्मचारी क्रमांक, किल्ली घेतल्याची तारीख व वेळ, किलोमीटरचा आकडा, जाण्याचे ठिकाण आणि ज्याच्या सांगण्यावरून गाडी निघाली त्याचे नाव असावे, आणि चालकाने तिथेच सही करावी. गाडी परत आल्यावर त्याच ओळीत परतीची वेळ व किलोमीटर लिहून पुन्हा सही घ्यावी. परवान्याची प्रत व त्याची मुदत वेगळ्या फाइलमध्ये ठेवून दर सहा महिन्यांनी तपासावी. मुदत संपलेल्या परवान्यावर गाडी दिली गेली, तर त्याचा दोष मालकावरही येतो.

दोन प्रसंगी ही नोंद हमखास तुटते. पहिला प्रसंग वाटेत चालक बदलण्याचा आहे. पुण्याहून मुंबईला जाताना खालापूरला चहाला थांबल्यावर ‘आता थोडा वेळ मी चालवतो’ असे म्हणून अधिकारी स्वतः चाक हाती घेतात, आणि पुढच्या कॅमेऱ्यात वेग सापडतो तो त्यांचा. यासाठी चालकाने कार्यालयाच्या क्रमांकावर ‘आता अमुक साहेब चालवत आहेत’ एवढा संदेश वेळेसह पाठवावा, असा लेखी नियम करावा. चालकाला साहेबांविरुद्ध असे कळवणे जड जाते, म्हणून हा नियम व्यवस्थापकीय संचालकांच्या सहीने निघाला पाहिजे. दुसरा प्रसंग आहे तो कर्मचाऱ्याला घरी नेण्यासाठी कायमची दिलेल्या गाडीचा. तिथे रोज सही घेणे शक्य नसते. म्हणून गाडी ताब्यात देतानाच लेखी घ्यावे की मी वेगळे कळवले नाही तर ही गाडी मीच चालवत होतो असे मानले जाईल, आणि घरातील अन्य कोणाला चालवायला देताना मी आधी परवानगी घेईन.

गाडीत जीपीएस यंत्र बसवले असेल, तर त्यातील वेगाची नोंद चलानाशी ताडून पाहता येते. मात्र असे यंत्र बसवल्याचे आणि त्यातील माहिती कशासाठी वापरली जाणार याचे चालकांना आधी सांगावे. चोरून पाळत ठेवणे योग्य नाही, आणि त्यातून चालकांचा विश्वासही जातो. फास्टॅगच्या तपशिलातून तळेगाव किंवा खालापूरच्या नाक्यावरून गाडी किती वाजता गेली ते कळते. पण ही दोन्ही साधने गाडीविषयी सांगतात, माणसाविषयी नाही. माणूस फक्त वहीतच सापडतो.

चलान आल्यावर

चलान आले की ते भरण्याआधी वाचावे. छायाचित्रात नंबरप्लेट स्पष्ट आहे का, गाडीची बनावट आणि रंग आपल्या गाडीचाच आहे का, तारीख, वेळ व ठिकाण काय आहे, मोजलेला वेग किती आणि तिथली मर्यादा किती, कोणते कलम लावले आहे, हे सारे पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये घातलेल्या नियम १६७अ नुसार इलेक्ट्रॉनिक यंत्राने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांत पाठवायची असते, यंत्राला राज्य शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचे मान्यता प्रमाणपत्र असावे लागते व त्याचे दरवर्षी नूतनीकरण करायचे असते, आणि कॅमेऱ्याची देखरेख असलेल्या टप्प्याआधी तशी सूचना देणारे फलक लावायचे असतात. या अटी आक्षेप घेण्यासाठी महत्त्वाच्या आहेत, पण प्रत्येक चलानावर पळवाट म्हणून त्या वापरू नयेत. वेग खरा असेल, तर तो खरा आहे हे मान्य करावे.

मर्यादा जागोजागी बदलते, हेही लक्षात ठेवावे. यशवंतराव चव्हाण मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात कारसाठी ताशी १०० किलोमीटर ही मर्यादा असली, तरी बोरघाटात ती बरीच खाली येते. समृद्धी महामार्गावर सपाट भागात ती १२० आहे. नागपूरकडून समृद्धीने आलेला चालक पुढे दुसऱ्या रस्त्याला लागला की त्याच्या पायाला १२० ची सवय झालेली असते आणि चलान तिथे येते. शिवाय काही ठिकाणी एका जागचा वेग न मोजता दोन कॅमेऱ्यांमधील अंतर व लागलेला वेळ यांवरून सरासरी वेग काढला जातो, त्यामुळे कॅमेरा दिसला की ब्रेक मारण्याची युक्ती तिथे चालत नाही.

गाडी आपली नाही असे दिसले, म्हणजे कोणी आपल्या क्रमांकाची बनावट प्लेट लावून फिरत असेल, तर दंड मुळीच भरू नये. त्या वेळी आपली गाडी कुठे होती याचा पुरावा, म्हणजे गेटची नोंद, फास्टॅगचा तपशील आणि जीपीएसची नोंद जोडून संकेतस्थळावर तक्रार करावी व पोलीस ठाण्यातही लेखी कळवावे.

गाडी आपलीच असेल तर वहीतून नाव काढावे आणि त्या व्यक्तीला दोन दिवसांत लेखी विचारावे. भाषा आरोपाची नसावी. पुढील मसुदा वापरता येईल: ‘आपल्या ताब्यातील गाडी क्रमांक अमुक ही अमुक तारखेस अमुक वाजता अमुक ठिकाणी ताशी अमुक किलोमीटर वेगाने जात असल्याची नोटीस कंपनीस प्राप्त झाली असून तेथील मर्यादा ताशी अमुक किलोमीटर होती. किल्लीच्या नोंदीनुसार त्या वेळी गाडी आपल्याकडे होती. आपण स्वतः गाडी चालवत होता किंवा कसे, अन्य कोणी चालवत असल्यास त्याचे नाव, आणि वेग वाढण्यामागे काही कारण असल्यास ते, तीन दिवसांत लेखी कळवावे. छायाचित्राची प्रत सोबत जोडली आहे.’ शेवटचे वाक्य वगळू नये. आपल्याविरुद्धचा पुरावा पाहण्याचा अधिकार चालकाला आहे.

चालकाने मान्य केले, तर दंड भरण्याचा साधा मार्ग म्हणजे त्यानेच आपल्या खात्यातून ऑनलाइन भरावा आणि पावती कार्यालयाला द्यावी. मान्य नसेल, तर नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत संकेतस्थळावर आक्षेप नोंदवावा. मुदत संपेपर्यंत चलान तसेच पडू देऊ नये, आणि लोक अदालतीत रक्कम कमी होईल या आशेने चलाने साठवण्याची सवय तर कंपनीने मुळीच लावून घेऊ नये. प्रकरण न्यायालयात गेल्यावर समन्स कंपनीच्या नावावर येते.

पोलिसांनी चालकाची माहिती मागवली, तर उत्तर लेटरहेडवर द्यावे, त्यात चालकाचे पूर्ण नाव, राहण्याचा पत्ता, परवाना क्रमांक व मुदत लिहावी, किल्लीच्या नोंदीच्या त्या पानाची प्रत जोडावी, आणि पत्र मिळाल्याची पोच घ्यावी. याच ठिकाणी काही कार्यालयांत एक गंभीर चूक घडते. गाडी अधिकारी चालवत असतात आणि नाव मात्र पगारी चालकाचे कळवले जाते. चालकही नोकरीच्या भीतीने सही करतो. अशी खोटी माहिती देणे गुन्हा आहेच. शिवाय ज्या माणसाचे पोट परवान्यावर आहे, त्याचाच परवाना त्यामुळे धोक्यात येतो. अधिकाऱ्याचा परवाना गेला तर तो मागच्या आसनावर बसून कामावर येऊ शकतो. चालकाचा गेला तर त्याचे घर बसते. प्रशासन अधिकाऱ्याने अशा पत्रावर स्वतः सही करण्यास नकार द्यावा.

पगारातून कापावे का

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो. चलान आले की त्या महिन्याच्या पगारातून रक्कम वळती करणे, ही पद्धत सोपी वाटली तरी सुरक्षित नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहिता २०१९ नुसार, संहितेने परवानगी दिलेल्या कारणांखेरीज वेतनातून कपात करता येत नाही. मालकाने शिस्तभंगासाठी दंड करायचा असेल, तरी कर्मचाऱ्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि त्या वेतनकाळातील दंड वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. वीस हजार वेतन असलेल्या चालकाच्या बाबतीत ही मर्यादा सहाशे रुपये होते, म्हणजे दोन हजारांचे चलान तिच्यात बसत नाही. म्हणूनच चालकाने स्वतः भरणे हा सरळ मार्ग आहे. ही अट नेमणुकीच्या वेळी दिल्या जाणाऱ्या वाहनविषयक नियमांत आधीच लिहिलेली असावी. गाडीतील बिघाड, चुकीची प्लेट किंवा कार्यालयाने लावलेली घाई यांमुळे चलान आले, तर ते कंपनीने भरावे, हेही त्याच नियमांत लिहावे.

कंपनीने भरलेला दंड हिशेबात कुठे दाखवायचा, याविषयी एवढेच सांगतो की गुन्ह्यापोटी भरलेली रक्कम प्राप्तिकरासाठी व्यवसायाचा खर्च म्हणून वजा होत नाही. ती वेगळ्या शीर्षकाखाली लिहावी. वर्षअखेरीस त्या शीर्षकाखालचा एकूण आकडा संचालकांच्या नजरेस पडतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

घाई कोणी लावली

इतका वेळ आपण चालकाविषयी बोललो, परंतु अनेकदा वेगाचे मूळ चाकामागे नसून वेळापत्रकात असते. मी एका चालकाला चलानाविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब, विमान चुकलं असतं तर तुम्हीच बोलला असता.’ त्याचे म्हणणे खरे होते. गाडी निघायला पाऊण तास उशीर झाला होता आणि तो उशीर प्रवाशाचा होता. त्या दिवशी मी ती नोटीस फाडून टाकली नाही, पण तिच्याखाली प्रवासाला सांगणाऱ्या अधिकाऱ्याचे नावही लिहिले, आणि तेव्हापासून नोंदवहीत ‘कोणाच्या सांगण्यावरून’ हा रकाना आला.

कायदाही हे ओळखतो. वेगमर्यादा न मोडता पार पडणार नाही असे वेळापत्रक प्रसिद्ध केले किंवा तसा आदेश दिला, तर आदेश देणाऱ्याने गुन्हा केला असे न्यायालय प्रथमदर्शनी मानू शकते, अशी तरतूद कलम १८३ मध्येच आहे. म्हणून प्रवासाची वेळ ठरवताना साधा हिशेब करावा. द्रुतगती मार्गाची लांबी ९४.५ किलोमीटर आहे. घाट नाही, रांग नाही, थांबा नाही असे धरून आणि प्रत्येक क्षणी ताशी १०० चा वेग ठेवूनसुद्धा त्याला ५७ मिनिटे लागतात. घाटातली मर्यादा, नाके आणि दोन्ही टोकांची शहरे धरली की ‘पुण्याहून दोन तासांत विमानतळ’ हा आदेश लेखी देण्याजोगा राहत नाही. गाडी मागवण्याच्या अर्जात निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ लिहून घ्यावी, मधला अवधी कमी दिसला तर प्रशासनाने गाडी लवकर पाठवण्याचे सुचवावे, आणि प्रवाशामुळे उशीर झाल्यास चालकाने तसे वहीत लिहावे. निर्धारित वेळेआधी माल पोहोचवल्यास बक्षीस देण्याच्या योजना असतील, तर त्या बंद कराव्यात.

१ जुलै २०१९ पासून बनलेल्या कारमध्ये ताशी ८० च्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत इशारा वाजतो. तो आवाज त्रासदायक वाटतो म्हणून गॅरेजमध्ये तो बंद करून घेण्याचे प्रकार घडतात. सर्व्हिसिंगहून गाडी परत घेताना तो चालू आहे याची खात्री करावी.

भाडेपट्ट्यावरच्या आणि विकलेल्या गाड्या

गाडी कर्जावर किंवा भाडेपट्ट्यावर असेल, तर अधिनियमातील व्याख्येप्रमाणे करारानुसार जिच्या ताब्यात गाडी आहे ती व्यक्ती मालक ठरते, त्यामुळे भाडेपट्टा देणाऱ्या कंपनीकडे चलान आले तरी चालकाची माहिती देण्याचे काम आपल्याकडेच येते. पिवळ्या पाटीच्या भाड्याच्या गाडीचे चलान तिच्या मालकाकडे जाते. तरीही त्या गाडीला घाई आपल्या कार्यालयाने लावली असेल, तर वर सांगितलेली तरतूद आपल्यालाही लागू पडू शकते, हे करार करताना लक्षात ठेवावे.

जुनी गाडी कर्मचाऱ्याला किंवा दलालाला विकल्यावर पैसे मिळाले म्हणजे काम संपले असे समजू नये. नोंदीत कंपनीचे नाव आहे तोपर्यंत चलाने कंपनीकडेच येतात, आणि नोंदीतील मालकाची जबाबदारी सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका अपघाताच्या भरपाईच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. विक्रीनंतर १४ दिवसांत आरटीओला हस्तांतर कळवावे, नमुना २९ व ३० ची पोच फाइलमध्ये ठेवावी, त्याआधीची सर्व चलाने निकाली काढावीत, फास्टॅग बंद करावा आणि किल्लीच्या वहीत शेवटची ओळ लिहावी: गाडी कोणाला, कोणत्या तारखेला, किती वाजता दिली, आणि घेणाऱ्याची सही.